रोज एकदा पायांकडे पाहा
(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या २५ वर्षांचा आढावा इतर वक्ते घेतील. चिटणीसांनी मला आरोग्यावर बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. ती मी मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. गमबुटात बारीक खडा गेला होता, तो मला टोचलाच नाही. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. मग जखम दुखत नाही आणि लवकर भरतही नाही. म्हणून दुखत नाही म्हणजे पाय ठीक आहे, असं मधुमेह्याने धरून चालू नये.

आपल्या महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने मोजे धड वाळत नाहीत. बोटांच्या बेचक्यात ओल राहते, बुरशी होते, कातडी फाटते आणि जंतू आत शिरतात. त्यात शेगडीपाशी पाय शेकायची आपली सवय! बधिर पायाला चटका बसला तरी कळत नाही.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. तसे रोज रात्री दोन्ही पाय पाहा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. बेचक्या कोरड्या पुसा. बूट घालण्याआधी झटका, आतून हात फिरवा. घरातही अनवाणी फिरू नका. क्षेत्र महाबळेश्वरला दर्शनाला जाताना मोजे असू द्यात. कुरूप ब्लेडने कापू नका. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा तंतू टेकवून पाहतात, दुखत नाही. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वापरात आलेली एमसीआर रबराची मऊ चप्पल आपल्यालाही उपयोगी आहे. लाली, सूज, पाणी किंवा वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बोट गेल्यावर पावलावरचा भार बदलतो, पुन्हा जखम होण्याचा धोका वाढतो. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मनाचं काय होतं ते मात्र अनुभवाने कळलं. दोन महिने मी कट्ट्यावर आलो नाही. सगळे पायाकडेच बघतील असं वाटे. एका दुपारी बी विंगमधले एक सभासद आले. चहा झाला आणि त्यांनी स्वतःचा मोजा काढला. त्यांची दोन बोटं माझ्या आधीच गेली होती! "रविवारी फिरायला या, मीही हळूच चालतो," एवढंच म्हणाले.

नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांचा सहभाग असलेल्या 'स्टेप बाय स्टेप' उपक्रमात डॉक्टरांबरोबर नर्सनाही पायांच्या काळजीचं शिक्षण दिलं गेलं. एकट्या डॉक्टरवर हे काम भागत नाही. आपण शेजारी तर रोजच जवळ असतो. आता आम्ही चौघे दर रविवारी एकमेकांचे तळवे पाहतो. आमच्यातल्या दोघांची नजर अधू आहे आणि एक जण एकटेच राहतात. त्यांना दुसऱ्याचे डोळे लागतातच.

पुढच्या जिन्याला संस्थेने कठडा बसवला, त्याबद्दल आभार. मागच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं, तिथेही तो व्हावा ही विनंती.

ज्यांना शुगर आहे त्यांनी संकोच न करता रविवारी सकाळी साडेआठला संस्थेच्या कार्यालयात यावं. आरसा आणि टॉर्च मी आणतो.