गेलेल्या घटकेचा हिशेब

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यांत नरखेड तालुका वसला आहे. उत्तरेस मध्यप्रदेशाची हद्द, पश्चिमेस वर्धा नदी आणि नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यांतील वरूड-मोर्शीचा मुलूख. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा सारा संत्र्याचा पट्टा. नागपुरी संत्र्यास 2014 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या संत्र्याच्या लौकिकांत येथील बागांचा वांटा फार मोठा आहे. समाजमाध्यमांत जाणारा वेळ आणि देशाची उत्पादनशक्ति हा विषय निघाला म्हणजे विवेचक बहुधा मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांकडे बोट दाखवितात. परंतु कचेरींत सकाळीं राहिलेलें काम संध्याकाळीं उरकतां येतें. बागेंतील पुष्कळ कामें अशीं असतात कीं, त्यांची वेळ टळली म्हणजे वर्ष टळतें. वेळेच्या किंमतीचा विचार करण्यास म्हणूनच नरखेडची बाग अधिक सोयीची.

या भागांत संत्र्याचे दोन बहर घेतले जातात. आंबिया बहरासाठीं हिवाळ्यांत झाडांचें पाणी तोडून त्यांना ताण देतात. मग पाणी सोडलें कीं जानेवारी-फेब्रुवारींत फुलें येतात आणि फळ ऑक्टोबरपासून पुढें उतरतें. मृग बहर पावसावर धरतात. त्याचें फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें निघतें. आंबियाचें फळ ऑगस्ट-सप्टेंबरांत गळूं लागतें, आणि तेव्हां खरी कसोटी असते. गळ बुरशीची आहे, किडीची आहे, कीं झाडाला अन्न कमी पडल्याची आहे, हें दुरून कळत नाहीं. झाडाखालीं जाऊन, गळलेलें फळ हातांत घेऊन, तें फिरवून पाहावें लागतें. फळांतील रस शोषणारा पतंग तर दिवेलागणीनंतर येतो. त्याला हुसकावण्यासाठीं बागेंत धूर करावयाचा, गळलेलीं फळें गोळा करून पुरावयाचीं, हें काम दुसऱ्या दिवशीं दुपारीं करून भागत नाहीं.

नेमकी हीच संध्याकाळची वेळ आज सगळ्या महाराष्ट्रांत फोनची वेळ झाली आहे. आणि तो फोन जवळजवळ फुकट चालतो. 2014 सालीं एका गीगाबाईटास सरासरी अडीचशें रुपयांहून अधिक मोजावे लागत. सप्टेंबर 2016 मध्यें जिओ कंपनी बाजारांत उतरली, दरांची चुरस लागली, आणि कांहीं वर्षांतच तो दर दहा रुपयांच्या आसपास आला. पैशांत स्वस्त झालेल्या या वस्तूची खरी किंमत दुसऱ्या नाण्यांत घेतली जाते. हर्बर्ट सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें 1971 सालींच सांगून ठेविलें होतें कीं, माहितीची सुबत्ता झाली म्हणजे अवधानाचें दारिद्र्य येतें. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांचा मुख्य व्यापार या अवधानाचाच. पाहणाऱ्याचें लक्ष जाहिरातदारास विकावयाचें आणि म्हणून तें जितकें अधिक वेळ धरून ठेवतां येईल तितकें ठेवावयाचें. जाहिरातीचें उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकांत येतें. त्यासाठीं बागाइतदाराची जी घटका गेली, तिला त्या कोष्टकांत रकाना नाहीं.

मग ती घटका मोजावी कशी? एक लाख माणसें रोज दोन तास फोनवर घालवितात, तासाची मजुरी पन्नास रुपये, तेव्हां रोज एक कोटीचें नुकसान, असलीं त्रैराशिकें पुष्कळदां मांडलीं जातात. ऐकणाऱ्याच्या छातींत धडकी भरते, पण हिशेब कच्चा असतो. फोन ठेवला कीं तो तास कामांतच लागेल, हें त्यांत गृहीत धरलेलें असतें. 2018 सालीं अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञांच्या एका चमूनें कांहीं लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवण्यास लाविलें. दररोज सरासरी एक तास मोकळा झाला. त्यांतला कांहीं वेळ घरच्यांशीं व मित्रांशीं बोलण्यांत गेला आणि कांहीं एकट्यानें टेलिव्हिजन पाहण्यांत! लोकांस थोडें अधिक समाधान वाटलें आणि बातम्यांचें ज्ञान मात्र कमी झालें. नरखेड-काटोलकडचा पदवीधर तरुण दुपारीं बसथांब्यावर फोन चाळीत बसतो, तो फोनमुळें बेकार आहे असें म्हणणें म्हणजे घोड्यापुढें गाडी जुंपणें होय. पुष्कळ वेळां त्याच्या हाताला काम नाहीं म्हणून हातांत फोन आहे.

दुसरी अडचण मोजमापाची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें 2019 आणि 2024 या दोन वर्षीं भारतीयांच्या कालव्ययाची पाहणी केली. सहा वर्षें व त्यावरील माणसांच्या दिवसांतील करमणूक, प्रसारमाध्यमें, खेळ आणि सांस्कृतिक गोष्टी यांचा हिस्सा 9.9 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर गेला. म्हणजे दिवसाकाठीं वाढ सुमारें 16 मिनिटांची. जुन्या मापानें पुरती एक घटकाहि नव्हे, आणि तीहि सगळी फोनचीच असें नाहीं. एवढ्यासाठीं इतका गहजब कां, असें कोणी विचारील. परंतु अशा पाहणींत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून त्यांत काय केलें तें लिहून घेतात. फवारणीचें औषध कालवितां कालवितां दोन मिनिटें फोनकडे पाहणें, झाडांची ओळ तपासतांना मध्येंच तीन चित्रफिती पाहणें, या डोकावण्या त्या जाळीतून खालीं गळतात. अशा माणसाची नोंद "शेतकाम" अशीच होते. वेळ शेतांतच गेला, अवधान तेवढें गेलें नाहीं. मोठें नुकसान बहुधा येथेंच आहे.

याच फोननें शेतकऱ्याचा फायदाहि केला आहे, आणि तो लहान नाहीं. केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळांत मोबाईल आला तेव्हां कोळी समुद्रांतूनच बंदरोबंदरचे भाव विचारूं लागले. रॉबर्ट जेन्सन यांनीं 2007 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसलें कीं, मासळी फुकट जाणें जवळजवळ थांबलें, कोळ्यांचा नफा सुमारें 8 टक्क्यांनीं वाढला आणि गिऱ्हाइकास मासळी 4 टक्क्यांनीं स्वस्त मिळाली. हवामानाचा सल्ला देणारें "मेघदूत" हें ॲप 2019 सालीं निघालें. कालिदासाच्या यक्षाचा रामटेक याच नागपूर जिल्ह्यांत असल्यामुळें तें नांव येथें अधिकच शोभतें. रात्रींच्या विजेच्या पाळीला पूर्वीं विहिरीपर्यंत जावें लागे. आतां पुष्कळ ठिकाणीं घरूनच फोन लावून पंप सुरू करतां येतो. कळमन्याच्या बाजारांतील भाव ठाऊक असेल तर झाडावरच्या मालाचा सौदा करतांना बागवाला अगदींच आंधळा राहत नाहीं. मात्र भाव विचारण्यास पांच मिनिटें पुरतात. त्या पांच मिनिटांसाठीं उघडलेल्या खिडकीतून पुढचा तास निघून जातो, आणि ही खिडकी तशी व्हावी म्हणून जगांतील अत्यंत बुद्धिमान माणसें पगारावर ठेविलीं आहेत. एकट्या बागाइतदारानें केवळ मनोनिग्रहावर त्यांच्याशीं झुंजावें, ही अपेक्षा अवाजवी आहे.

म्हणूनच सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगाव या गांवानें केलेला उपाय लक्षांत घेण्यासारखा आहे. कडेगाव तालुक्यांतील या सुमारें तीन हजार वस्तीच्या गांवांत, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानें, 15 ऑगस्ट 2022 पासून रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजूं लागला. साडेआठपर्यंत फोन आणि टेलिव्हिजन बंद. मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, बोलावें. महासाथींत शाळा फोनवर भरली आणि ती उघडल्यावरहि मुलांचा फोन सुटेना, हें त्याचें निमित्त. आरंभीं लोक हंसले. कार्यकर्त्यांना घरोघर जाऊन सांगावें लागलें. पण एका घरानें फोन ठेवला तर त्याला चुकल्यासारखें वाटतें, सगळ्या गांवानें ठेवला तर कोणाचेंच कांहीं चुकत नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्याच्या बान्सी गांवानें अठरा वर्षांखालील मुलांना फोनच देऊं नये असा ठराव केला. त्याहून वडगावची दीड तासाची रीत पाळावयास सोपी आणि म्हणून अधिक शहाणपणाची वाटते. ती फोन हिरावून घेत नाहीं, फक्त एक वेळ राखून ठेवते.

वडगाव उसाच्या मुलुखांत आहे आणि तेथें तो वेळ मुलांच्या अभ्यासासाठीं राखला. संत्र्याच्या गांवास वर्षभर एकच वेळ धरून चालणार नाहीं. तेथें ग्रामसभेनें जानेवारींत ताण सोडण्याचे आठवडे पाहावे, ऑगस्ट-सप्टेंबरांत सकाळची पाहणीची वेळ पाहावी, आणि संध्याकाळीं सात वाजतां भोंगा वाजवावयाचा असेल तर त्या महिन्यांत तो मुलांना पुस्तकाकडे व बापाला धूर करण्यास बागेकडे धाडील.