माझ्या मुलीची पाली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान मला येत नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी घडले तेवढेच सांगा," म्हणून उभी राहिले.

माझ्या मुलीने गेल्या वर्षी पुण्यास कॉलेजात नाव घातले आणि विषय घेतला पाली. आम्हांला वाटले होते, कॉमर्स घेईल, बँकेत लागेल. यजमान म्हणाले, "मेलेल्या भाषेवर पोट भरते का?" मीही त्यांच्याच बाजूची. फीसाठी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, आणि त्या ठेवल्या होत्या तिच्या लग्नासाठी. दिवाळीपर्यंत आम्ही मायलेकी फोनवर कामापुरतेच बोललो.

दिवाळीत ती करंज्या लाटायला शेजारी बसली. म्हणाली, "आई, पालीत हाताला हत्थ म्हणतात. कानाला कण्ण, सापाला सप्प, आजला अज्ज. आणि घराला घरच." माझे लाटणे थांबले. स्तोत्रे मी लहानपणापासून म्हणते, पण अर्थ दुसऱ्याला विचारावा लागतो. इथे न शिकता पाच शब्द कळले.

मग ती बोलतच सुटली. ही भाषा सिंहलात सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या, सयामात त्यांच्या. गोव्याचे धर्मानंद कोसंबी ती शिकायला 1902 साली सिंहलद्वीपास गेले आणि 1912 पासून फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी ती शिकवली. (1899 साली घर सोडताना पत्नी बाळाबाई व लहान मुलगी मागे राहिल्या. बाळाबाईंनी ते दिवस कसे काढले असतील, हे माझ्या मनातून जात नाही.) त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी चिनी भाषांतरातून उरलेला एक ग्रंथ पाली ग्रंथाशी ताडून 1937 साली पुस्तक लिहिले. म्हणून आमची कन्या आता चिनीही शिकायची म्हणते!

भाऊबीज झाल्यावर ती मला पांडवलेण्यांवर घेऊन गेली. लग्न होऊन आल्यापासून तो डोंगर पाहते आहे. वर जाऊन आले ते पाहुण्यांना दाखवायला. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर लेख आहे. तिच्याजवळ छापील प्रत होती. बोट धरून एकेक अक्षर जुळवत तिने वाचले. भाषा प्राकृत, म्हणजे पालीची बहीणच. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी, गौतमी बलश्रीने हे लेणे भिक्षूंना दिले. ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. आपल्या गौतमीपुत्र सातकर्णीचे पराक्रम त्यात सांगितले आहेत, आणि तो आईची सेवा कधी चुकवीत नसे हेही. एवढ्या मोठ्या राजाच्या लेखात हेही कोरून ठेवावेसे वाटले! मी मुलीला म्हटले, "पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचले.

2024 च्या ऑक्टोबरात सरकारने मराठीबरोबर पाली व प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. यजमानांना मी ती बातमी दाखवली. "दर्जा ठीक, नोकरीचे काय?" असे ते म्हणाले, आणि त्याचे उत्तर मजजवळ नाही. पुढच्या फीसाठी माझा गोफ मी काढून ठेवला आहे. परवा मात्र जेवताना त्यांनीच हात पुढे केला, "हत्थावर भाकरी दे."

मुलगी सुटीत येणार आहे. तिच्याबरोबर लेण्यांवर यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. पायऱ्या पुष्कळ आहेत. सकाळी लवकर निघू, पाणी बरोबर घ्यावे.