भाता

धनुष्याला नाव असते. अर्जुनाचे गांडीव, विष्णूचे शार्ङ्ग, शंकराचे पिनाक, कर्णाचे विजय ही नावे कथाकीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडत आली आहेत. बाणांनाही त्यांच्या गुणांवरून नावे मिळाली. भाता मात्र नावावाचूनच राहिला. खांडववनाच्या प्रसंगी अग्नीच्या विनंतीवरून वरुणाने अर्जुनाला जे दोन भाते दिले, त्यांनाही 'अक्षय' या विशेषणापलीकडे काही लाभले नाही. मराठीने तर या वस्तूला स्वतंत्र शब्दही राखून ठेवलेला नाही. लोहार ज्याने विस्तव फुलवितो तो भाता, आणि तिरंदाज ज्यात बाण ठेवतो तोही भाताच. संस्कृतात भस्त्रा म्हणजे चामड्याची पिशवी. त्या एका पिशवीचे हे दोन वंशज. एकात वारा भरावयाचा, दुसऱ्यात बाण.

तथापि प्राचीनांना भात्याचा विसर पडला होता असे नाही. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडळात पंचाहत्तरावे सूक्त युद्धसाहित्याचे आहे. त्यात चिलखत, धनुष्य, प्रत्यंचा यांच्याबरोबर भात्याचीही स्तुती येते, आणि तेथे ऋषी त्याला अनेक लेकरांचा बाप म्हणतो. पाठीवर बांधलेला हा लेकुरवाळा बाप रणात शिरताच खणखणू लागतो, ही कल्पना मोठी हृद्य आहे. महाभारताच्या विराटपर्वात शमीच्या झाडावर दडवलेली पांडवांची शस्त्रे उत्तराच्या दृष्टीस पडतात, तेव्हा तो राजपुत्र एकेक वस्तू पाहून ती कोणाची म्हणून विचारतो. त्यांत पाच वाघांची चिन्हे असलेला एक भाता आहे. तो नकुळाचा, असे उत्तर मिळते. दसऱ्याला शमीची पूजा करणाऱ्या महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. भात्यावरील नक्षीवरून त्याचा धनी ओळखता यावा, इतकी ती कला त्या काळी वाढलेली होती.

भात्याचे काम वरवर पाहता साधे वाटते. परंतु बाण ही फार नाजूक वस्तू आहे. वेताची किंवा बांबूची काडी दमट हवेत वाकते, आणि वाकलेला बाण कितीही चांगल्या धनुष्यातून सुटला तरी भलतीकडे जातो. मागची पिसे चुरगळली तर त्याचा तोल सुटतो. टोके एकमेकांवर आपटली तर ती बोथट होतात. शिवाय धावत्या घोड्यावर बसलेल्या माणसाला न पाहता, हाताच्या एका हालचालीत, नेमका एकच बाण बाहेर काढता आला पाहिजे. बाण कोरडा, सरळ आणि हाताशी ठेवणे ही त्रिविध जबाबदारी भात्याची. ती पार पाडणारा भाता बनविण्यास कातडे, लाकूड, डिंक, सरस आणि हवामान या सर्वांची जाण लागते.

या दृष्टीने बंगळूर शहराकडे पाहावे. सन २०१४ पासून ज्याचे अधिकृत नाव बेंगळुरू झाले, त्या या नगराचा एक अत्यंत जुना उल्लेख जवळच्या बेगूर गावी, नागेश्वराच्या देवळात, इसवी सन ८९० च्या सुमाराच्या एका वीरगळावर आहे. 'बेंगळूरूच्या युद्धात' पडलेल्या एका वीराची ती स्मृतिशिला होय. आज संगणकामुळे जगाला ठाऊक झालेले हे नगर इतिहासात असे एका लढवय्याच्या मरणाच्या निमित्ताने पाऊल टाकते. कर्नाटकातल्या आणि महाराष्ट्रातल्या वीरगळांवर धनुष्य ओढणारे वीर वारंवार दिसतात, आणि देवळांच्या भिंतींवर कोरलेल्या धनुर्धरांच्या खांद्यामागून बाणांच्या पिसांचा झुबका डोकावत असतो. चामडे कुजले, लाकूड किडले, पण दगडातला भाता राहिला.

पुढे १५३७ साली केंपेगौडाने येथे किल्ला आणि पेठ वसविली. त्या पेठेतील मोहल्ल्यांना तेथल्या व्यवसायांची नावे मिळाली: कुंभारांची कुंभारपेठ, तेल्यांची गाणिगरपेठ, कापसाची अरळेपेठ, धान्याची तरगुपेठ. या प्रसिद्ध नावांत भाते करणाऱ्यांची पेठ आढळत नाही. त्याचे कारणही उघड आहे. भाता ही एका जातीच्या कारागिराची वस्तू नव्हती. कातडे कमावणारा, ते शिवणारा, त्यावर मखमल चढवून जरीचे काम करणारा, पितळेच्या कड्या ओतणारा अशा अनेकांचे हात त्याला लागत.

सन १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह बंगळूर घेतले आणि ते जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आले. बालशिवाजीनेही हे शहर पाहिले. शहाजीराजांच्या दरबारातच जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' रचला. दक्षिणेतील या काळाच्या घोडेस्वाराचा भाता पाठीवर नसे. त्याला 'तरकस' म्हणत आणि तो उजव्या कमरेला लटके. डाव्या बाजूस धनुष्याचे चामडी घर असे. तरकस म्हणजे कडक कातड्याचा चपटा खिसा. बाणांची टोके खाली, पिसे वर. पंख्यासारखे पसरलेले बाण बोटांना सहज निवडता येत. धनिकाच्या तरकसावर मखमल आणि सोन्यारुप्याचे तार असत, साध्या शिपायाच्या तरकसावर नुसते कातडे.

हे धनुष्यही साधे नव्हते. लाकडाच्या गाभ्याला आतून म्हशीचे शिंग आणि बाहेरून जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून ते सिद्ध होई. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतात, आणि त्या दोहोंच्या झगड्यातून बाणाला वेग मिळतो. परंतु सरसाचे आणि पावसाळ्याचे वैर आहे. दमट हवेत असे धनुष्य ढिले पडते, सांधे उकलतात. म्हणूनच हिंदुस्थानात सबंध पोलादाची धनुष्ये घडविण्यात आली. मार कमी, पण भरवसा अधिक. ज्या देशात ऋतूच शस्त्राचा शत्रू होतो, तेथे धनुष्याचे घर आणि बाणांचा भाता यांना केवळ शोभेच्या वस्तू कोण म्हणेल?

आणि याच बंगळुराच्या परिसरात बाणाने आपला अर्थ बदलला. मराठी कागदपत्रांत अठराव्या शतकातील 'बाण' हा शब्द आला, की तो पुष्कळदा पिसांच्या बाणाचा नसतो. तो दारूने उडणारा अग्निबाण असतो. मराठ्यांच्या फौजेत असे बाण होते, आणि म्हैसूरच्या फौजेत हैदर व टिपू यांनी तर त्यांना लोखंडी नळी देऊन इंग्रजांना पुरेपूर हैराण केले. नळीला बांबूची लांब काठी बांधलेली असे. बंगळूरच्या जुन्या पेठेतील तारामंडलपेठ या नावाचा संबंध परंपरा याच अग्निबाणांशी जोडते. २१ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूरचा किल्ला घेतला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि तेथले अग्निबाण इंग्लंडात पोचून विल्यम काँग्रीव्हच्या प्रयोगांना प्रेरक ठरले. शिमोगा जिल्ह्यातील नगर येथे २०१८ साली एका कोरड्या विहिरीतून अशा हजाराहून अधिक लोखंडी नळ्या निघाल्या. आणि ज्या संस्थेच्या अग्निबाणांनी चंद्राकडे याने धाडली, त्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय पुन्हा बंगळुरातच आहे.

बाणाने असा थोर प्रवास केला, भाता मात्र वाटेतच राहिला. बंदुकीने आणि तोफेने तिरंदाजाला फौजेतून घालविले, तेव्हा तरकस शिवणाऱ्याचे गिऱ्हाईक गेले. त्याचे कसब कोणी हिरावून घेतले नाही, कोणी बंदीही घातली नाही. ते फक्त कोणी मागेनासे झाले. पुढे जे तरकस उरले ते राजवाड्यांच्या शस्त्रागारांत आणि संग्रहालयांच्या काचेआड.

हे अटळच होते असे म्हणावयास हरकत नव्हती, पण एका दूरच्या देशाचा दाखला आड येतो. तो देश म्हणजे कोरिया. भारतीयांना या देशाची जवळून ओळख झाली ती १९५० ते १९५३ च्या युद्धामुळे. युद्धकैद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते बंगळुरात शालेय शिक्षण घेतलेले जनरल थिमय्या, आणि तेथे गेलेल्या भारतीय रक्षक दलाचे सेनापती होते महाराष्ट्राचे मेजर जनरल थोरात. ज्या भूमीवर हे सैनिक उभे होते, तिच्या लोकांचे धनुष्यही शिंग, स्नायू आणि सरस यांचेच. विशेष हा, की पाणम्हैस त्या देशात होत नाही. शिंग बाहेरून आणावे लागे.

कोरियातही घोडेस्वाराचा कातडी भाता होता. त्याला 'तोंगगे' म्हणत. परंतु खरी कारागिरी अवतरली ती 'जॉन्थोंग' या दुसऱ्या प्रकारात. जॉन्थोंग म्हणजे बाणांची नळी: झाकण असलेली, बंद, पट्ट्याने खांद्यावर टाकण्याजोगी. जाड बांबूची, हलक्या पॉलोनिया लाकडाची, अथवा कागदावर कागद चिकटवून त्यावर रोगण चढविलेली, अशी ती अनेक परींची असते. बांबूच्या नळीसाठी चांगला जाड बांबू निवडून पुरता वाळवावा लागतो, नाहीतर तो पुढे तडकतो. मग आतल्या गाठी फोडून नळी मोकळी करावयाची, वरची साल तासावयाची आणि तिच्यावर चित्रे कोरावयाची. ती चित्रे बहुधा दीर्घायुष्याच्या दहा प्रतीकांची: सूर्य, डोंगर, पाणी, खडक, मेघ, पाइन वृक्ष, अमरत्वाची वनस्पती, कासव, करकोचा आणि हरीण. ज्यात मृत्यूचे दूत ठेवावयाचे त्या नळीवर दीर्घायुष्य कोरावे, यात एका शहाण्या समाजाचे मन दिसते. शेवटी झाडाच्या चिकापासून केलेले रोगण थरावर थर चढते, आणि आतले बाण पाऊस व दमट हवा यांपासून सुरक्षित होतात.

धनुष्य कोरियाच्याही फौजेतून गेले. १८९४ च्या सुधारणांनी जुनी लष्करी परीक्षा बंद झाली आणि तिच्याबरोबर धनुर्विद्येचे सरकारी महत्त्वही संपले. पण काही वर्षांतच राजा कोजोंग याच्या आज्ञेने सोल येथील राजवाड्याच्या आवारात 'ह्वांगहाकजोंग' नावाचा नेमबाजीचा मंडप उभा राहिला, आणि धनुष्य हा नागरिकांचा व्यायाम झाला. तिरंदाज आजही अशा मंडपांत जमतात आणि १४५ मीटरवरील लक्ष्यावर एका फेरीत पाच बाण सोडतात. जेथे बाण सुटत राहिले, तेथे भात्याची गरज उरली; आणि गरज होती म्हणून करणाराही उरला. सरकारने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला तो १९६२ साली. त्याखाली १९७१ मध्ये धनुष्य व बाण करणाऱ्यांच्या कलेला आणि १९८९ मध्ये केवळ भाते करणाऱ्यांच्या कलेला राष्ट्रीय वारशाचा मान मिळाला. ग्योंग्जू येथील किम दोंग-हाक हे त्या कलेचे मान्यताप्राप्त अधिकारी ठरले. स्वतः धनुर्विद्येला तो मान २०२० साली मिळाला. म्हणजे खेळाला गौरव मिळण्याच्या एकतीस वर्षे आधी त्या राष्ट्राने बाणांच्या नळीला मानाचे आसन दिले होते.

या क्रमात शिकण्यासारखे काही आहे. कायदा शेवटी आला. आधी आली ती वापरणाऱ्यांची जमात. कारागिराला पदवी आणि मानधन देता येते, पण त्याच्या वस्तूवर हात फिरवून 'झाकण जरा घट्ट बसते' असे सांगणारा जाणता धनी सरकारला निर्माण करता येत नाही. कला टिकते ती अशा चोखंदळ गिऱ्हाइकाच्या कुरकुरीवर.

भारतात लागणारी कसबे आजही नाहीत असे नाही. बंगळुराहून म्हैसूरच्या वाटेवर साधारण साठ किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. तेथे काळ्या कुड्याचे पांढरे लाकूड चरकावर फिरते आणि त्यावर लाखेचे रंग चढतात. मात्र ही लाख कोरियातल्याप्रमाणे झाडाच्या चिकाची नसून किड्यापासून मिळणारी असते. सावंतवाडीच्या लाकूडकामाची आणि गंजिफांची कीर्ती मराठी माणसाला सांगावयास नको. जरीचे हात आहेत, कातडे शिवणारे हात आहेत, बांबू वाळविणारे आहेत. आणि धनुर्धरही पुन्हा उदयास आले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्यात तयार झालेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात वैयक्तिक विजेते ठरले. आजच्या खेळाडूच्या कमरेला असतो तो कृत्रिम धाग्याचा, कारखान्यात शिवलेला भाता. तो हलका आणि सोयीचा आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

तरीही कधीतरी एखादा धनुर्धर चन्नपट्टणच्या चरकासमोर जाऊन उभा राहील आणि आपल्या बाणांच्या मापाची, लाखेच्या रोगणाची, झाकणाची एक नळी मागेल. कारागीर प्रथम हसेल, मग लांबी विचारील, मग पिसांची रुंदी विचारील. त्या दोन प्रश्नांत एका हरवलेल्या कसबाची पुन्हा सुरुवात होऊ शकते. बेगूरच्या शिलेपासून अंतराळातल्या अग्निबाणापर्यंत बंगळूरने बाणाची सारी रूपे पाहिली आहेत. अनेक लेकरांच्या त्या बापाला मात्र या नगरात अजून घर मिळावयाचे आहे.