पीडित : केवळ साक्षीदार की न्यायाचा हक्कदार?



27 जून 2023 च्या सकाळी याच सदाशिव पेठेत, पेरूगेटच्या परिसरात, एका महाविद्यालयीन तरुणीवर ओळखीच्याच तरुणाने कोयत्याने हल्ला केला. ती जीव मुठीत धरून धावत होती. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे दोन तरुण पुढे सरसावले, त्यांनी हल्लेखोराला अडविले आणि एक जीव वाचला. पुण्याने त्या तरुणांचे यथोचित कौतुक केले. परंतु हल्ला टळला म्हणून पीडिताची वाट संपत नाही. रुग्णालय, पोलीस चौकी, जबाब आणि न्यायालयाच्या तारखा ही वाट वर्षानुवर्षे चालावी लागते. तेथे त्याच्या साहाय्याला कोण धावते?

राजाने प्रजेचे रक्षण करावे, आणि रक्षणात उणीव राहिली तर तिची भरपाईही करावी, हा विचार या भूमीला नवा नाही. चोरीस गेलेला माल परत मिळविता आला नाही, तर राजाने स्वतःच्या द्रव्यातून तो भरून द्यावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. आधुनिक फौजदारी कायद्यात मात्र खटला राज्य विरुद्ध आरोपी असा उभा राहिला आणि ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, तो केवळ साक्षीदार उरला.

पुण्याला जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचे विस्मरण होणे शक्य नाही. 1976-77 मध्ये दहा जणांचे बळी गेले आणि 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली. मारेकऱ्यांची आडनावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. मागे राहिलेल्या आप्तांचे पुढे काय झाले, हे क्वचितच कोणी विचारते. त्या काळी कायदाही विचारीत नव्हता. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357 अन्वये भरपाईची तरतूद होती. पण ती आरोपी दोषी ठरल्यावर, न्यायालयाच्या मर्जीनुसार आणि मुख्यतः दंडाच्या रकमेतून. आरोपी सापडलाच नाही, तर पीडिताच्या हाती काहीच नसे.

परिवर्तनाची पावले उशिरा पडली. मलिमथ समितीने 2003 मध्ये पीडिताला खटल्यात स्थान आणि भरपाई देण्याचा आग्रह धरला. 2008 ची दुरुस्ती 31 डिसेंबर 2009 पासून लागू झाली. तिने 'पीडित' या शब्दाची व्याख्या केली, आरोपी सुटल्यास अपील करण्याचा अधिकार दिला आणि राज्यांवर भरपाई योजना आखण्याचे बंधन घातले. गुन्हेगाराचा शोध लागला नाही तरी भरपाई मागता येईल, ही त्यातील मोलाची तरतूद. 2013 मध्ये बलात्कार व आम्लहल्ल्याच्या पीडितांवर सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी तत्काळ मोफत उपचार करणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राने 'मनोधैर्य' योजना सुरू केली. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात स्पष्ट केले.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदविता येते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत पीडिताला कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. शासनाला खटला मागे घ्यावयाचा असल्यास पीडिताचे म्हणणे ऐकल्यावाचून न्यायालय तशी परवानगी देऊ शकत नाही. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे.

तरीही कार्य पूर्णत्वास गेलेले नाही. शिक्षा अपुरी वाटली तर त्या कारणासाठी अपील करण्याचा अधिकार पीडिताला आजही नाही. त्याचा वकील सरकारी वकिलाला केवळ साहाय्य करू शकतो. भरपाईची चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हावी असे कायदा सांगतो. परंतु अर्जच केला गेला नाही, तर ती मुदत सुरू तरी कशी व्हावी? अधिकाराची जाण नसेल, तर अधिकार पुस्तकातच राहतो.

येथेच समाजाचे कर्तव्य सुरू होते. ज्याच्या घरावर आघात झाला, त्याला त्या दिवसांत कलमे सुचत नाहीत. शेजाऱ्याला सुचली पाहिजेत. प्रथम खबर अहवालाची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. नव्वद दिवसांचा हिशेब ठेवावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करण्यास सोबत जावे. न्यायालयाच्या तारखेला पीडित एकटा बसणार नाही, एवढे पाहावे. प्रत्येक वस्तीत एखादा निवृत्त कर्मचारी, एखादा वकील, एखादी गृहिणी एवढे व्रत घेऊ शकते. त्यास निधी लागत नाही, वेळ लागतो.

कोयत्यासमोर उभे राहण्याचे धैर्य सर्वांपाशी असेलच असे नाही. परंतु न्यायालयाच्या बाकावर पीडिताशेजारी बसण्यास तेवढे धैर्य लागत नाही. त्या दोन तरुणांनी एका सकाळी जे केले, ते पुढची अनेक वर्षे शांतपणे चालू ठेवणे, हे आता पेठेतील प्रत्येक घराचे काम आहे.