पहिल्या पाण्याचा नमुना



दीक्षान्त समारंभात पाहुण्याने देशाच्या भवितव्यावर बोलावं, अशी रीत आहे. मी नाल्याच्या पाण्यावर बोलणार आहे. शहरातून वाहून गेलेलं पाणी शेवटी कुणाच्या तरी शेतात शिरतं आणि तुम्ही शेतीचे पदवीधर आहात. तेव्हा विषय तुमचाच आहे.

परभणीचं हे कृषी विद्यापीठ १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी सुरू झालं. त्यामुळे असेल, पण इथलं संशोधन कायम ‘काय कमी आहे’ या प्रश्नामागे धावत आलं. पाणी कमी, नत्र कमी, सेंद्रिय कर्ब कमी, जस्त कमी. २०१८ मध्ये इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने इथून प्रसारित झालेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी हे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तिच्या दाण्यात लोह आणि जस्त जास्त. म्हणजे ते रोजच्या भाकरीतूनच पोटात जातं. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर, सामू आठाच्या आसपास, त्यामुळे जस्त असूनही मुळांना मिळत नाही. मातीच्या डीटीपीए चाचणीत किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला की झिंक सल्फेटची शिफारस करायची, हे तुमच्यापैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

आता गंमत बघा. ज्या जस्तासाठी शेतकरी कृषी सेवा केंद्रात पैसे मोजतो, तेच जस्त शहराच्या रस्त्यावर फुकट पडलेलं असतं. टायरच्या रबरात साधारण एक टक्का जस्त असतं. जिंतूर रोडवर, वसमत रोडवर टायर झिजतात, त्यांची भुकटी रस्त्याच्या कडेला बसते. छपरांच्या पत्र्यांवरचा जस्ताचा थरही पावसागणिक थोडा थोडा उतरतो. नुसतं जस्त आलं असतं तर मी नाल्याला नमस्कार केला असता. पण ते एकटं येत नाही. ब्रेक लायनरमधून तांबं येतं, बॅटऱ्या फोडल्या जातात तिथल्या मातीतून आणि जुन्या रंगाच्या पापुद्र्यांतून शिसं येतं, धातूंना मुलामा देण्याच्या कामातून निकेल आणि कॅडमियम येतं.

परतीचा पाऊस गेला की आपल्याकडे सात-आठ महिने हे सगळं साठत राहतं. मग मृगाची पहिली सर येते आणि रस्ते धुऊन निघतात. कोरड्या ऋतूनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसातलं, त्यातही सुरुवातीच्या थोड्या वेळातलं पाणी सगळ्यात घाण असतं, हे जगभरच्या शहरांत मोजलं गेलं आहे. मृगाच्या सुवासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच सरीने काळंभोर झालेल्या गटाराकडे मात्र सगळ्यांनी पाठ फिरवली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आपली जमीन उघडी असते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा अजून मिटलेल्या नसतात. चिकणमाती धातूंना धरून ठेवते असं आपण शिकवतो, आणि ते खरंच आहे. पण भेगेतून सरळ खाली उतरणाऱ्या पाण्याची मातीशी गाठ पडते किती? नाल्याकाठच्या रानात, नाल्याकाठच्या विहिरीजवळ हा प्रश्न विचारायला हवा. जे मातीने धरून ठेवलं, ते तरी कुठे जातं? शेणखत कुजतं, युरिया उडतो, कीटकनाशक कालांतराने विघटित होतं. शिसं तिथेच राहतं. पुढच्या वर्षीचं त्याच्यावर येऊन बसतं.

पिकाचं वागणं तर आणखी विचित्र. लोह आणि जस्त आत घेण्याची जी वाट मुळांकडे आहे, तिच्यातूनच कॅडमियम आत शिरतं. आणि जस्ताची उणीव असेल तर त्याला आणखी मोकळीक मिळते. म्हणजे आपली जुनी कमतरता आणि शहराचं नवं ओझं एकमेकांना हातभार लावतात. शिसं मुळातून फारसं वर चढत नाही, ते पानांवर धुळीच्या आणि मातीच्या रूपाने बसतं. पालक, मेथी नीट धुतली की बरंचसं निघतं. पानाच्या आत गेलेलं कॅडमियम धुऊन निघत नाही.

जपानमध्ये तोयामा भागात जिन्झू नदीकाठच्या शेतकऱ्यांनी ही किंमत मोजली. वरच्या कामिओका खाणीतून आलेलं कॅडमियम नदीच्या पाण्याबरोबर भातखाचरांत उतरलं, भातात गेलं आणि तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः उतारवयाच्या बायकांची, हाडं ठिसूळ होऊन मोडू लागली. सरकारने १९६८ मध्ये त्या रोगाचं कारण मान्य केलं. शेतातली माती बदलण्याचं काम मात्र २०१२ पर्यंत चाललं. परभणीचा नाला म्हणजे कामिओकाची खाण नव्हे, उगाच कुणी घाबरू नये. पण माती बिघडायला लागणारा वेळ आणि ती सुधारायला लागणारा वेळ यांचं गणित तिथे दिसतं.

आपली जमीन आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये आली. तिच्यात बारा घटक: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. शिसं नाही, कॅडमियम नाही. जस्त मोजायला प्रयोगशाळेत जे अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनचं यंत्र असतं, त्याच यंत्रावर हे दोन्ही मोजता येतात. प्रत्येक मूलद्रव्यासाठी वेगळा दिवा लागतो, एवढंच. उपकरणावर मोठा खर्च झालेला आहे. अडलंय दोन दिव्यांवाचून. मला हा निव्वळ आळस वाटतो, आणि तो माझ्या पिढीचा आहे.

आता गाळाचं बघू. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली. पाझर तलावातला गाळ हलक्या रानात टाकला की जमिनीचा कस वाढतो. योजना चांगली आहे. पण दर मे महिन्यात शहरातल्या नाल्यांची सफाई होते, तेव्हा निघणारा काळा गाळही लांबून तसाच दिसतो. काठावर ढीग पडतो. पावसात तो पुन्हा नाल्यात उतरतो, नाहीतर कुणीतरी ट्रॉली भरून नेतो. बहुतेक धातू पाण्यात विरघळून न राहता बारीक कणांना चिकटून येतात, म्हणून नाल्याचं पाणी निवळलं तरी गाळ निवळत नाही. शहरी नाल्याचा गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकू नये, एवढा एक नियम पंचायत समितीच्या पातळीवर रुजवायला तुमच्यातला एखादा कृषी अधिकारी पुरेसा आहे.

हे करताना भाजीवालीला गुन्हेगार ठरवू नका. नाल्याकाठी पालक लावणाऱ्या बाईने टायर झिजवले नाहीत. उपाय उगमाशीच करावा लागतो आणि तो करता येतो: २००० साली देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं, अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०१० मध्ये ब्रेकमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. दरम्यान नाल्याच्या तोंडाशी गाळ बसवणारी एक साधी टाकी, पुढे गवताचा पट्टा, आणि पहिलं पाणी शेतात जाऊ नये म्हणून एक दार. यात तुमच्या कृषी अभियांत्रिकीच्या मित्रांना न येण्यासारखं काहीच नाही. इथलं सगळं पाणी गोदावरीच्या खोऱ्यातलं. पूर्णा गोदावरीला मिळते आणि पुढे विष्णुपुरी धरणाचं पाणी नांदेड पितं. त्यामुळे हे परभणीपुरतं काम नाही.

मृगाला अजून अवकाश आहे. इथल्या पिंगळगड नाल्याचे आकडे तुम्हीच काढायचे आहेत, म्हणून पद्धत सांगून थांबतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या आधी सौम्य नायट्रिक आम्लाने धुऊन ठेवा. पाणी वाहायला लागलं की पहिल्या पंधरा मिनिटांत एक बाटली भरा, दुसरी तासाभराने, तिसरी दुसऱ्या दिवशी. नमुना घेतल्यावर सामू दोनच्या खाली जाईल इतकं आम्ल घाला, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटून बसतील आणि आकडा खोटा येईल. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला शिशासाठी ०.०१ आणि कॅडमियमसाठी ०.००३ मिलिग्रॅम आहे. नाल्याला ती लागू नाही, पण शेजारच्या विहिरीला आहे, म्हणून चौथी बाटली तिथली. अहवाल आला की आधी त्या विहिरीच्या मालकाला दाखवा, मग महानगरपालिकेला.