ओढ्यातल्या माशीचे बारसे

श्रोतेहो, दुसऱ्याला नावे ठेवणे फार सोपे. पण एखाद्याचे नाव ठेवणे मोठे कठीण! माणसाच्या मुलाचे बारसे बाराव्या दिवशी उरकते. डोंगरातल्या ओढ्यात राहणाऱ्या एका किड्याच्या बारशाला मात्र वर्षेच्या वर्षे लागतात. ती का लागतात, हे आज पाहू.

दिवाळीनंतर ओढ्याचे पाणी निवळले, की वाहत्या धारेतला एखादा दगड हलकेच उचलून त्याची खालची बाजू पाहावी. दगडाला चिकटून तुरुतुरु सरकणारे चपटे, तपकिरी जीव पुष्कळदा दिसतात. ती मेफ्लाय नावाच्या माशीची पिले. आपण तिला ‘एकदिवसी माशी’ म्हणू. कारण पंख फुटल्यावर ती काही तास, फार तर थोडे दिवस जगते. त्या काळात ती काही खात नाही. खाण्याजोगे तोंडच तिला उरत नाही. तिचे बहुतेक सारे आयुष्य पाण्यात गेलेले असते. आणखी एक नवल म्हणजे, पंख फुटल्यावर ती पुन्हा एकदा कात टाकते. आज हयात असलेल्या दुसऱ्या कोणत्याही कीटकगणात असे घडत नाही.

आता ओळख कशी पटवायची? तीन शेपट्या दिसल्या, की एकदिवसी माशी, असे पुष्कळजण सांगतात. ही खूण चांगली, पण पुरेशी नव्हे. खळाळत्या पाण्यातल्या एपिओरस या वंशाला दोनच शेपट्या असतात, आणि दगडमाशी नावाच्या दुसऱ्या कीटकाच्या पिलालाही दोनच! म्हणून पाय पाहावा. एकदिवसी माशीच्या पायाला एकच नखी असते, दगडमाशीच्या पायाला दोन. शिवाय एकदिवसीचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना ओळीने असतात.

इतके जमले म्हणजे गण कळला. पुढे कुल. अंग चपटे आणि डोळे डोक्याच्या वर असतील, तर हेप्टाजेनिइडी. माशासारखे निमुळते अंग आणि सुळकन पोहण्याची सवय असेल, तर बहुधा बेटिडी. कल्ल्यांची एक जोडी झाकणासारखी मोठी होऊन मागच्या कल्ल्यांवर पसरली असेल, तर केनिडी असण्याचा संभव. गाळात बसणाऱ्या या जीवाला ते झाकण उपयोगी पडते.

खरी कसोटी लागते ती जात ठरवताना. जबड्याची ठेवण, नखीवरचे बारीक दात, कल्ल्यांचा आकार, पंखांच्या शिरा, नराची जननेंद्रिये, हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. आणि पाण्यातले पिलू व हवेतली माशी यांची रूपे इतकी वेगळी, की एकाच जिवाला दोन नावे पडायची! म्हणून पंखांचे कोंब काळे पडलेले, म्हणजे फुटायच्या बेतात आलेले पिलू जाळीत घालून वाहत्या पाण्यातच ठेवतात. माशी बाहेर आली, की तिची सोडलेली कात तिच्याबरोबरच जपतात. ती कात म्हणजे पिलाच्या आणि माशीच्या नात्याचा दाखलाच!

तमिळनाडूत, आपल्या सह्याद्रीच्याच दक्षिणेकडच्या रांगेत, कुट्रालमचे प्रसिद्ध धबधबे आहेत. तिथल्या एका माशीचे बारसे के. जी. शिवरामकृष्णन यांनी १९८४ साली केले: पीटर्सुला कुर्टालेन्सिस. पहिला शब्द वंशाचा; या माशांचे अमेरिकन अभ्यासक पीटर्स यांची त्यात आठवण आहे. दुसरा शब्द जातीचा. त्याचा अर्थ ‘कुट्रालमची’. आडनाव आधी आणि नाव मागून, अशी ही रीत लिनिअसने रूढ केली. १७५८ च्या त्याच्या ग्रंथापासून प्राण्यांची शास्त्रीय नावे मोजली जातात.

कोणी विचारील, किड्याला नाव मिळून गावाला काय मिळाले? एकदिवसी माशीच्या अनेक जाती घाण पाण्यात आणि गाळात तग धरत नाहीत. पण काही जाती धरतात. म्हणून ‘माशी आहे, तर ओढा ठीक’ असे म्हणून भागत नाही. कोणती माशी, हे सांगता आले पाहिजे. वरच्या अंगाला डोंगर फोडला, माती वाहून आली आणि दगडांच्या सांदी बुजल्या, की चपटी पिले नाहीशी होतात. ती पूर्वी होती याची नोंदच नसेल, तर काय गमावले ते कोण सांगणार? मात्र माशी दिसली म्हणून पाणी न उकळता पिऊ नये. रोगजंतूंची साक्ष ती देत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, एक पांढरी थाळी, एक भिंग आणि एक वही एवढे साहित्य पुरे. मुलांना नख्या मोजू द्या, कल्ल्यांचे चित्र काढू द्या, तारीख आणि जागा लिहू द्या. कुलापर्यंत पोचलात तरी पुष्कळ झाले. जातीचे नाव अंदाजाने लिहू नका, तिथे कोरी जागा सोडा. पाहणे झाले, की पिले पाण्यात सोडा आणि दगड होता तसाच, त्याच बाजूवर, ठेवा. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागी पुन्हा जा. पाच वर्षांनी ती वही तुमच्या गावच्या ओढ्याची जन्मपत्रिका झालेली असेल.