गरिबीची सनद

जमिनीच्या तुकड्यासाठी राजदरबारी खेटे घालणारी माणसं आपण पुष्कळ पाहतो. पण ‘आमच्या नावावर काहीही नसावं, एवढा हक्क आम्हाला द्या’ अशी मागणी घेऊन कुणी आयुष्यभर भांडल्याचं ऐकलं आहे? इटलीतल्या असिसी गावच्या संत क्लाराने हे केलं. ११ ऑगस्ट हा तिचा स्मृतिदिन. संत फ्रान्सिसची शिष्या एवढीच तिची ओळख सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे.

क्लाराचा जन्म ११९४च्या सुमारास एका सरदार घराण्यात झाला. फ्रान्सिसच्या उपदेशाने ती भारावली आणि १२१२ साली, झावळ्यांच्या रविवारी रात्री, घरातून बाहेर पडली. गावाबाहेरच्या लहानशा चर्चमध्ये फ्रान्सिसने तिचे केस कापले आणि तिने जाडाभरडा झगा अंगावर चढवला. नातेवाईक तिला ओढून न्यायला आले तेव्हा वेदीवरचं वस्त्र घट्ट धरून तिने आपलं मुंडन केलेलं डोकं उघडं करून दाखवलं. आता परत फिरणं नाही! थोड्याच दिवसांत धाकटी बहीण अ‍ॅग्नेस तिला येऊन मिळाली. पुढे आईही आली. फ्रान्सिसने स्वतः डागडुजी केलेल्या सान दामियानो या चर्चपाशी त्यांचा मठ उभा राहिला. तिथे क्लारा चाळीस वर्षांहून अधिक काळ राहिली.

आता यात भांडण्यासारखं काय होतं? त्या काळी युरोपात मठ म्हटला की त्याच्यामागे जमीनजुमला असे. श्रीमंत घरची मुलगी मठात येताना हुंड्यासारखी रक्कम किंवा जमीन घेऊन येई. जमिनीवर कुळं राबत आणि त्यांच्या खंडावर मठ चाले. क्लाराला हे नको होतं. आपल्या वाट्याची इस्टेट विकून तिने पैसा गरिबांना वाटला होता. हाताने काम करावं, सूत कातावं, लोक देतील ते घ्यावं, असा तिचा बेत होता.

चर्चच्या वरिष्ठांना काळजी वाटली आणि ती काळजी खोटी नव्हती. फ्रान्सिसचे बंधू गावोगाव फिरून पोट भरू शकत. मठाच्या चार भिंतींत राहणाऱ्या स्त्रियांनी काय करायचं? दुष्काळ पडला, आजारपण आलं तर? १२२८ साली पोप नववे ग्रेगरी असिसीला आले, तेव्हा त्यांनी तिला मालमत्ता देऊ केली; व्रताची अडचण असेल तर त्यातून मोकळं करतो, असंही सांगितलं. क्लाराने नम्रपणे उत्तर दिलं, की पापांतून मोकळं करा, ख्रिस्ताच्या मागे जाण्यातून नको. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोपनी लिहून दिलं, की या भगिनींवर मालमत्ता घेण्याची सक्ती कुणी करू नये.

दोन वर्षांनी दुसरा प्रसंग आला. परवानगीशिवाय फ्रान्सिसच्या बंधूंनी भगिनींच्या मठात जाऊ नये, असा हुकूम निघाला. क्लाराने मग आपल्यासाठी माधुकरी मागणाऱ्या बंधूंनाही परत पाठवलं. उपदेशाची शिदोरी बंद, तर भाकरीही नको! पोपना माघार घ्यावी लागली.

एवढी करारी बाई मठात मात्र सर्वांत खालची जागा घेई. बाहेरून आलेल्या भगिनींचे पाय ती धुई. थंडीच्या रात्री झोपलेल्यांच्या अंगावर पांघरूण घाली. सुमारे २८ वर्षं ती आजारी होती, तरी अंथरुणात बसून चर्चच्या वेदीसाठी वस्त्रं तयार करी.

१२४७ साली नव्या पोपनी दिलेल्या नियमावलीत मठांना सामाईक मालमत्तेची मुभा होती. क्लाराने ती स्वीकारली नाही. स्वतःच नियमावली लिहिली. मठाची नियमावली लिहिणारी ती इतिहासाला ठाऊक असलेली पहिली स्त्री. जमीन किती? मठाच्या एकांतापुरती आणि भाजीच्या वाफ्यापुरती. मोठं कर्ज काढायचं तर सगळ्यांच्या संमतीने. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसायचं आणि धाकटीचंही ऐकायचं. जिथे मालकी नाही तिथे मोठेपणा कशाच्या जोरावर मिरवणार? गरिबी आणि नम्रता यांची गाठ तिने अशी घातली होती.

पोप चौथे इनोसंट यांनी ९ ऑगस्ट १२५३ रोजी या नियमावलीवर मोहोर उमटवली. दुसऱ्या दिवशी ती सनद क्लाराच्या हाती आली. तिने तिचं चुंबन घेतलं आणि ११ तारखेला प्राण सोडला. मूळ सनद १८९३ साली असिसीतच सापडली, तिच्या जपून ठेवलेल्या वस्त्रांत.

पुढे बहुतेक मठांनी मालमत्ता घेतली, हेही सांगायला हवं. भूक सोपी नसते. पण पंधराव्या शतकात संत कोलेट हिने तीच नियमावली पुन्हा हाती घेतली आणि आजही काही मठ ती पाळतात.

श्रोतेहो, लादलेल्या गरिबीचं कौतुक क्लाराने कधी केलं नाही. गरिबांना तिने आपलं सगळं देऊन टाकलं. तिने मागितली ती स्वतःच्या वाट्याची गरिबी. आपल्याला तिच्याइतकं जमणार नाही. पण घरात नवी वस्तू आणताना ‘ही मला खरंच हवी आहे का?’ एवढं विचारायला पोपची सनद लागत नाही.